भारतातली क्रेडिट अमेरिकेत नेताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

‘तुमची ४२ क्रेडिट मंजूर झाली’ असा मेल आला की घरी पेढे येतात. दोन महिन्यांनी तिकडे पोचल्यावर अॅडव्हायझर, म्हणजे विद्यार्थ्याला कोर्स निवडायला मदत करणारा सल्लागार, स्क्रीनवर डिग्री ऑडिट उघडतो. पदवीच्या अटींपैकी काय झालं आणि काय उरलं ते दाखवणारा हा तक्ता. त्यात ४२ पैकी १८ क्रेडिट ‘फ्री इलेक्टिव्ह’च्या, म्हणजे कोणत्याही विषयाने भरता येणाऱ्या, रकान्यात जाऊन बसलेली दिसतात. त्या रकान्यात पदवीला हवी असतात फक्त सहा. उरलेली १२ कागदावर आहेत, पण पदवी त्यांनी एका दिवसानेही जवळ येत नाही.

आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, प्रकार मात्र नेहमीचा आहे. क्रेडिट मंजूर होणं आणि ते पदवीला लागू पडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घोळ होतो तो बहुतेक वेळा या दोन्ही एकच समजल्यामुळे.

इथल्या विद्यापीठात एक-दोन वर्षं काढून अमेरिकेत बॅचलर्सच्या मधल्या वर्षात जाऊ पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. बारावीनंतर थेट जाणाऱ्यांना किंवा एमएसला जाणाऱ्यांना याचा फारसा उपयोग नाही. तिकडचं वर्ष ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं असं धरलं, तर आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात कामाला लागा. जानेवारीत जागे होणारेही पोचतात, पण सिलॅबसची फाईल अर्धवट घेऊन.

## टप्पा १: आकड्यांचा अंदाज आधी बांधा

यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० क्रेडिट लागतात. म्हणजे वर्षाला ४०, सत्राला २०. अमेरिकेतली चार वर्षांची पदवी साधारण १२० सेमिस्टर क्रेडिटची असते, म्हणजे वर्षाला ३०. शब्द एकच, माप वेगळं.

त्यामुळे ‘दोन वर्षांत माझी ८० झाली, आता १२० मधली ४० उरली’ हा हिशेब पहिल्याच पायरीवर कोसळतो. इथल्या मार्कशीटचं तिकडच्या मापात मूल्यमापन करून अहवाल देणारे साधारणपणे पूर्णवेळ शिक्षणाचं एक वर्ष म्हणजे तिकडची ३० क्रेडिट असं धरतात. तुमच्या ८० ची वरची मर्यादा साठच्या आसपास येते. चार क्रेडिटचा पेपर अहवालात तीनचा झालेला दिसला तर कोणी तुमच्यावर अन्याय केला असं समजू नका. मापं जुळवताना असंच होतं.

हे साठ म्हणजे छत. त्यातून पुढच्या गोष्टी वजा होतात:

- कमी ग्रेडचे विषय. बहुतेक विद्यापीठं सी किंवा त्याहून वरच्या ग्रेडचाच विषय घेतात. इथे काठावर पास झालेला पेपर तिथे गळू शकतो.
- वसतीची अट. इथे ‘रेसिडेन्सी’ म्हणजे राहण्याचा पत्ता नव्हे. किमान इतकी क्रेडिट आमच्याकडेच करा, असा तो नियम असतो. ३० हा आकडा बऱ्याच ठिकाणी आढळतो, आणि अनेकदा ती ‘शेवटची ३०’ असावी लागतात.
- ट्रान्सफरची कमाल मर्यादा. ही विद्यापीठागणिक बदलते.

विद्यापीठ क्वार्टर पद्धतीचं, म्हणजे सेमिस्टरहून छोट्या सत्रांचं, असेल तर पदवी साधारण १८० क्रेडिटची असते आणि एक सेमिस्टर क्रेडिट म्हणजे दीड क्वार्टर क्रेडिट. ‘माझी ६० ची ९० झाली’ म्हणून हुरळून जाऊ नका. रक्कम तीच, नाणी बदलली.

दोन गैरसमज इथेच काढून टाका. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तुमची क्रेडिट दिसतात म्हणजे ती परदेशात आपोआप वळती होतात असं नाही. २०२१ च्या यूजीसी नियमांनी आलेली ती सोय भारतातल्या संस्थांसाठी आहे. दुसरा गैरसमज वॉशिंग्टन अकॉर्डचा. भारत २०१४ पासून त्याचा कायम सदस्य आहे हे खरं. पण तो करार मान्यताप्राप्त अभियांत्रिकी पदव्या पूर्ण झाल्यावर त्यांच्या समकक्षतेबद्दल बोलतो. दुसऱ्या वर्षातल्या थर्मोडायनॅमिक्सचं क्रेडिट द्या असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

तपासा: प्रत्येक विद्यापीठासमोर तीन आकडे लिहा: ट्रान्सफरची कमाल मर्यादा, तिथेच करायची किमान क्रेडिट, विषयासाठी लागणारी किमान ग्रेड. तिन्ही सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २: कोण काय ठरवतं ते ओळखा

चुकीच्या माणसाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर गोड मिळतं आणि निरुपयोगी असतं.

अॅडमिशन ऑफिस प्रवेश देतं. किती क्रेडिट घ्यायची हे रजिस्ट्रारच्या हाताखालचं किंवा स्वतंत्र ट्रान्सफर क्रेडिट ऑफिस पाहतं. तुमचा विषय त्यांच्या अमुक कोर्सच्या बरोबरीचा आहे का, हा निर्णय बहुधा त्या विषयाच्या विभागातले प्राध्यापक देतात. अॅडव्हायझर यातलं काहीच मंजूर करत नाही. मंजूर झालेलं पदवीच्या आराखड्यात कुठे बसतं ते तो दाखवतो आणि अडलं तर कोणाकडे जायचं ते सांगतो. व्हिसा, आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) आणि पूर्णवेळाची अट हे डीएसओचं, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याचं खातं.

याबाहेर डब्ल्यूईएस, ईसीई अशा मूल्यमापन संस्था आहेत. त्या खासगी आहेत. अमेरिकन सरकार स्वतः परदेशी गुणपत्रिकांचं मूल्यमापन करत नाही. नेसेस नावाची या संस्थांची संघटना आहे आणि बरीच विद्यापीठं ‘नेसेसच्या सदस्य संस्थेचा अहवाल द्या’ असं सांगतात. पण अहवाल ही शिफारस असते. शेवटचा शब्द विद्यापीठाचा.

सावधान: ‘साठ क्रेडिटची गॅरंटी’ देणाऱ्या कन्सल्टंटला एकच विचारा, हे विद्यापीठाच्या लेटरहेडवर मिळेल का? पुढचं संभाषण आपोआप आटोपतं.

## टप्पा ३: कागद, आणि त्यावरचं नाव

आपल्या मार्कशीटवर बहुतेक वेळा आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत आणि नाव व वडिलांचं नाव एकत्र. एका अर्जात मार्कशीट पाहून नाव भरलं, दुसऱ्यात पासपोर्ट पाहून, की तिकडच्या संगणकाला ती दोन माणसं वाटतात. ट्रान्सक्रिप्ट येऊन पडलेलं असतं, तुमच्या फाईलला मात्र जोडलेलं नसतं. सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव भरा आणि मार्कशीटवर ते वेगळं छापलं असेल तर अर्जातल्या ‘इतर नावे’ या रकान्यात तसं नोंदवा.

दुसरी नेहमीची चूक संस्थेच्या नावाची. पदवी देतं ते विद्यापीठ. कॉलेज त्याला संलग्न असतं. अर्जात नुसतं कॉलेजचं नाव टाकलं तर मूल्यमापन करणाऱ्याला ते यादीत सापडत नाही. दोन्ही लिहा, आणि कोण कोणाला संलग्न आहे ते स्पष्ट करा. कॉलेज स्वायत्त असेल तर परीक्षा कॉलेज घेतं आणि पदवी विद्यापीठ देतं. अशा वेळी ट्रान्सक्रिप्टवर कोणाची सही-शिक्का चालेल ते आधी लेखी विचारून घ्या.

जमवायचे कागद:

१. प्रत्येक सत्राची मार्कशीट. केटी लागली असेल तर नापासाची आणि नंतर सुटल्याची, दोन्ही.
२. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून ट्रान्सक्रिप्ट.
३. ग्रेड पद्धतीचा तक्ता. मार्कशीटच्या मागे छापलेला असला तर मागची बाजूही स्कॅन करा. निम्मे लोक हे विसरतात.
४. दहावी-बारावीची प्रमाणपत्रं. बारावीला क्रेडिट मिळेल ही आशा धरू नका. पण ती मागितली जातात.
५. शिक्षणाचं माध्यम इंग्रजी असल्याचं कॉलेजचं पत्र. टोफेल-आयएल्ट्स याने टळेलच असं नाही, पण अडलं तर हाताशी असू द्या.

ट्रान्सक्रिप्टचं पाकीट बंद, फ्लॅपवर शिक्का आणि सही, आणि ते विद्यापीठाने थेट पाठवलेलं, हा जुना नियम अजून बऱ्याच ठिकाणी चालतो. काही जागी विद्यापीठाने थेट पाठवलेली इलेक्ट्रॉनिक प्रतही घेतात. मोजून लागतात त्याहून दोन पाकिटं जास्त मागवा. आणि घरी आलेलं बंद पाकीट ‘बघू तरी आत काय आहे’ म्हणून उघडू नका. उघडलं की ते साधा कागद झालं. बघायचंच असेल तर एक जादा प्रत त्यासाठीच घ्या. खरं तर घ्याच, कारण ट्रान्सक्रिप्टमध्येही चुका सापडतात: विषयाचं नाव अर्धवट, क्रेडिटचा रकाना कोरा. पाकिटं रवाना झाल्यावर त्या सापडण्यापेक्षा आधी सापडलेल्या बऱ्या.

सावधान: इथलं अॅडमिशन रद्द करून लीव्हिंग किंवा मायग्रेशन सर्टिफिकेट काढायची घाई नको. तिकडचा प्रवेश पक्का होऊन व्हिसा हातात पडेपर्यंत इथली सत्रं नियमित द्या. एकदा नाव काढलं की परत येण्याची वाट फार अवघड होते.

## टप्पा ४: सिलॅबसची फाईल

सगळ्यात जास्त क्रेडिट इथेच गळतात, म्हणून जरा सावकाश.

‘गणित ३’ या दोन शब्दांवरून तिकडच्या प्राध्यापकाला काही कळत नाही. त्याला हवं असतं: विषयात काय शिकवलं, किती तास, कोणत्या पुस्तकावरून, परीक्षा कशी झाली, प्रात्यक्षिक होतं का. आपल्या विद्यापीठांच्या संकेतस्थळावर संपूर्ण अभ्यासक्रमाची दीडशे-दोनशे पानांची पीडीएफ असते. ती अख्खी पाठवणं ही चूक. शोधायला लावलं की वाचणारा ‘जनरल इलेक्टिव्ह’ टाकून मोकळा होतो.

प्रत्येक विषयाची वेगळी फाईल करा. पहिल्या पानावर स्वतः टाइप केलेला सारांश, मागे मूळ पानं. सारांशात मार्कशीटवरचं नाव आणि कोड जसाच्या तसा, सत्र, आठवड्याचे तास आणि एकूण तास, क्रेडिट, मिळालेली ग्रेड, घटकांची नावं, पाठ्यपुस्तक. फाईलच्या नावात विषयाचा कोड घाला. ‘स्कॅन १’, ‘स्कॅन २ नवीन फायनल’ अशा नावांच्या फायली उघडायला कोणालाच आवडत नाही.

तुम्ही ज्या वर्षी शिकलात त्याच वर्षीचा अभ्यासक्रम हवा. आपल्याकडे पॅटर्न बदलला की जुनी पीडीएफ संकेतस्थळावरून गायब होते. सत्र चालू असतानाच उतरवून ठेवा. राहिली असेल तर विभागप्रमुखांकडे किंवा ग्रंथालयात जुनी प्रत असते. तिच्यावर कॉलेजचा शिक्का आणि तारीख घ्या.

जुन्या, निव्वळ गुणांच्या पद्धतीत शिकलेल्यांच्या मार्कशीटवर क्रेडिटच नसतात. त्यांच्यासाठी तासांचा आकडा हाच पुरावा. थिअरीत १५ तासांना एक क्रेडिट आणि प्रात्यक्षिकात ३० तासांना एक, असा आपल्याकडचा संकेत आहे. तास सिलॅबसमध्ये छापलेले नसतील तर कॉलेजकडून तेवढं एक पत्र घ्या.

आणि प्रात्यक्षिकाचं जर्नल. परीक्षा झाली की ते रद्दीत जातं. अमेरिकेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्राचा कोर्स बहुधा प्रयोगशाळेसकट येतो, आपल्याकडे थिअरी आणि प्रॅक्टिकल हे वेगळे पेपर असतात. ‘तुम्ही लॅब केली का?’ या प्रश्नाला सर्टिफाईड जर्नलच्या अनुक्रमणिकेइतकं चोख उत्तर दुसरं नाही: प्रयोगांची यादी, तारखा, सरांची सही, शिक्का. तेवढी दोन पानं आणि प्रमाणपत्राचं पान स्कॅन करून ठेवा.

तपासा: एक फाईल मित्राला द्या आणि विचारा, ‘या विषयात किती तास आणि कोणतं पुस्तक?’ अर्ध्या मिनिटात उत्तर आलं नाही तर सारांश पुन्हा लिहा.

## टप्पा ५: विषय जुळवणी स्वतः करा

पदवीच्या ज्या शाखेत जायचं तिचा चार वर्षांचा आराखडा विद्यापीठाच्या कॅटलॉगमध्ये असतो. तो समोर ठेवून तक्ता आखा. डाव्या रकान्यात तिकडचा प्रत्येक सक्तीचा कोर्स, उजवीकडे त्यातलं जे इथे शिकलात ते, कोणत्या विषयात, कोणत्या घटकात. लोक नेमकं उलट करतात. स्वतःच्या विषयांची यादी घेऊन ‘याच्या बदल्यात काय मिळेल’ असं विचारत बसतात. तिकडच्या गरजेपासून सुरुवात केलीत तरच काय उरतं ते दिसतं. अनेक विद्यापीठांचा जुन्या निर्णयांचा डेटाबेस खुला असतो. त्यात तुमच्या विद्यापीठाचं नाव सापडलं तर निम्मं काम झालं.

गणिताचं उदाहरण घेऊ, कारण अभियांत्रिकीवाले इथेच अडकतात.

तिकडे कॅल्क्युलस १, २, ३ असे कोर्स एकामागून एक येतात, शिवाय लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शिअल इक्वेशन्स वेगळे. आपला एम-१ आणि एम-२, म्हणजे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे गणिताचे पेपर, ही मिसळ. पार्शल डिफरन्सिएशन तिकडे कॅल्क्युलस ३ मध्ये, मॅट्रायसेस लिनिअर अल्जिब्रात, डिफरन्शिअल इक्वेशन्स त्यांच्या स्वतंत्र कोर्सात, डबल-ट्रिपल इंटिग्रल पुन्हा कॅल्क्युलस ३ मध्ये. एकास एक जोडी लागतच नाही. एम-१ ची फाईल एकटी पाहणारा प्राध्यापक म्हणतो, यात कॅल्क्युलस ३ निम्माच आहे, आणि नाकारतो. एम-२ ची फाईल पाहणाराही तेच म्हणतो. दोन्ही एकत्र ठेवून ‘हे दोन विषय मिळून तुमचा कॅल्क्युलस ३ होतो, ही घटकांची जुळणी’ असं लिहून दिलं तर चित्र बदलतं. जोडीने अर्ज करता येतो हेच अनेकांना माहीत नसतं.

आता यातली मेख. कॅल्क्युलस १ मधलं लिमिट, डेरिव्हेटिव्ह, साधं इंटिग्रेशन तुम्ही अकरावी-बारावीला केलंत. म्हणून एम-१ मध्ये ते नाही. आणि बारावीला तर क्रेडिट नाही! तेव्हा सगळ्यात सोपा कोर्स तुमच्या खात्यात रिकामा राहतो आणि त्याच्यावर अवलंबून असलेले पुढचे कोर्स नोंदणीच्या वेळी कुलूपबंद दिसतात. यावर तीन वाटा आहेत. विभागाची प्लेसमेंट परीक्षा देणं. क्लेपसारख्या परीक्षेतून क्रेडिट मिळवणं: कॉलेज बोर्डाच्या या परीक्षेचे गुण २० ते ८० या पट्टीवर असतात आणि क्रेडिटसाठी सुचवलेला आकडा ५० आहे, पण तुमचं विद्यापीठ क्लेप मानतं का ते आधी पाहा. किंवा विभागाकडून पूर्वअटीची सूट घेणं.

सावधान: सूट म्हणजे क्रेडिट नव्हे. पूर्वअट माफ झाली की पुढच्या कोर्सला बसता येतं, पण १२० मधली ती तीन-चार क्रेडिट दुसऱ्या कशाने तरी भरावी लागतात. ‘वेव्ह’ (waive, म्हणजे माफ करणं) हा शब्द मेलमध्ये दिसला की क्रेडिट मिळणार का, हे तिथल्या तिथे विचारा.

बाकीच्या विषयांबद्दल थोडक्यात. प्रोग्रॅमिंग सी मध्ये शिकलात आणि तिकडचा पहिला कोर्स पायथन किंवा जावात असेल, तर क्रेडिट मिळूनही पुढच्या कोर्सात दमछाक होते. भाषा आधी घरी शिकून जा. वाणिज्य शाखेतले आयकर, कंपनी कायदा हे विषय भारतीय कायद्यावरचे, ते बहुधा इलेक्टिव्हमध्येच जातात. कम्युनिकेशन स्किल्सवर इंग्लिश कंपोझिशन सुटेल असं गृहीत धरू नका. तो कोर्स बहुतेक ठिकाणी तिथेच करायला लावतात. पर्यावरण अभ्यास, फाउंडेशन कोर्स, मानसशास्त्र, अर्थशास्त्र असे आपण ‘स्कोअरिंग’ म्हणून सोडून दिलेले विषय मात्र जनरल एज्युकेशनच्या, म्हणजे शाखा कोणतीही असली तरी सगळ्यांना लागणाऱ्या सामान्य विषयांच्या, रकान्यात उपयोगी पडू शकतात. त्यांच्याही फायली करा. मुलं नेमक्या याच टाळतात.

## टप्पा ६: मूल्यमापन अहवाल मागवा

विद्यापीठाने मागितला असेल तरच मागवा. काही ठिकाणी ते स्वतःच मूल्यमापन करतात आणि तुमचा अहवाल बाजूला पडतो. मागितला असेल तर कोणत्या संस्थेचा आणि कोणत्या प्रकारचा, हे त्यांच्या पानावरून पाहूनच पैसे भरा. ट्रान्सफरला कोर्स-बाय-कोर्स अहवाल लागतो, म्हणजे प्रत्येक विषयाचं क्रेडिट आणि ग्रेड वेगळी दाखवणारा. डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट स्वस्त असतो, पण त्यात नुसती एकूण समकक्षता असते. स्वस्त म्हणून तो घेणारे नंतर पूर्ण फी पुन्हा भरतात.

ग्रेडचं रूपांतर स्वतः करू नका. ७.८ ला अडीचने भागून ३.१२ काढण्याची रीत सर्रास आहे आणि ती चूक आहे. आपल्याकडे साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास. त्यांच्याकडे साठ टक्के म्हणजे जेमतेम. मूल्यमापन करणारे हे जाणून त्यांच्या तक्त्यानुसार बदल करतात, आणि तो अनेकदा तुमच्या भागाकाराहून तुमच्या फायद्याचा निघतो. अर्जात मूळ आकडा मूळ पट्टीसकट लिहा: ‘१० पैकी ७.८’.

## टप्पा ७: अर्ज ट्रान्सफर म्हणूनच

बारावीनंतर कॉलेजात नाव घालून विषय पूर्ण केले असतील, तर बहुतेक विद्यापीठांच्या लेखी तुम्ही ट्रान्सफर विद्यार्थी. नवख्यांच्या शिष्यवृत्त्या मोठ्या असतात, म्हणून काही जण कॉलेजचं वर्ष लपवून फ्रेशमन म्हणून अर्ज करतात. करू नका. आधी शिकलेल्या प्रत्येक संस्थेची माहिती अर्जात मागितलेली असते आणि खाली तुमची सही असते. नंतर उघड झालं तर प्रवेश रद्द होऊ शकतो, आणि तोही व्हिसावर तिथे असताना. नापासाचं वर्ष, अर्धवट सोडलेला डिप्लोमा, हेही त्यात आलं.

## टप्पा ८: निकाल वाचायला शिका

निकालाच्या तक्त्यात प्रत्येक विषयासमोर साधारण तीनपैकी एक उत्तर असतं. त्यांच्या नेमक्या कोर्सचा क्रमांक दिसला तर तो कोर्स सुटला. विभागाचं नाव आणि पुढे एक्सएक्स किंवा तसलं काही दिसलं तर त्या विषयातलं क्रेडिट मिळालं, पण सक्तीचा कोर्स सुटला नाही. नुसतं ‘इलेक्टिव्ह’ असेल तर ते फक्त एकूण बेरजेत जातं. आणि काहीच नसेल तर नाकारलं.

ट्रान्सफर विषयांच्या ग्रेड तिकडच्या जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, बहुधा धरत नाहीत. इथला ९.५ मागे राहतो, आणि इथला ५.८ सुद्धा. जीपीए शून्यापासून सुरू होतो.

तपासा: टप्पा ५ चा तक्ता आणि हा निकाल शेजारी ठेवा. जिथे तुम्ही नेमका कोर्स धरला होता आणि तिथे एक्सएक्स आलं, तेवढ्याच ओळींवर खूण करा. पुढची लढाई फक्त तेवढ्यांची.

## टप्पा ९: अॅडव्हायझरची पहिली भेट

अनेक विद्यापीठांत ही भेट झाल्याशिवाय नोंदणीवरचा होल्ड उठत नाही. वेळ अर्ध्या तासाची मिळते. ‘मी कोणते कोर्स घेऊ?’ असं विचारत गेलात तर त्या अर्ध्या तासात तुमच्या हाती येतो पहिल्या वर्षाच्या मुलाला देतात तोच छापील कागद.

जाताना तीन गोष्टी न्या: डिग्री ऑडिटची प्रत, खुणा केलेला निकाल आणि पुढच्या दोन सत्रांचा तुम्ही स्वतः केलेला आराखडा. तो आराखडा चुकीचा असला तरी चालेल. चुकीचा आराखडा दुरुस्त करणं अॅडव्हायझरला सोपं जातं. मग विचारा: मंजूर क्रेडिटपैकी पदवीला लागू किती? पूर्वअटींच्या साखळीत सगळ्यात लांब साखळी कोणती, आणि तिचा पहिला कोर्स फक्त एकाच सत्रात दिला जातो का? वरच्या पातळीची, म्हणजे बहुधा ३०० च्या पुढच्या क्रमांकांची किती क्रेडिट इथेच करावी लागतील? पदवी कोणत्या सत्रात संपेल?

सर-मॅडमना उलट विचारू नये अशी आपली सवय असते. अॅडव्हायझर नावाने हाक मारायला सांगतो, आणि प्रश्न न विचारणाऱ्याला सगळं समजलं असं धरून चालतो. भेट झाल्यावर त्याच दिवशी ठरलेलं चार ओळींत मेलने कळवा. पुढच्या वर्षी अॅडव्हायझर बदलला तर तोंडी बोलण्याला कोण विचारतो?

सावधान: एफ-१ व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सत्राला किमान १२ क्रेडिट घ्यावी लागतात, आणि त्यात ऑनलाइन कोर्स एकच, तोही तीन क्रेडिटपर्यंतचा, धरता येतो. ‘हा कोर्स माझा झालेलाच आहे, ट्रान्सफर येईल, सोडून देतो’ म्हणून परस्पर कोर्स सोडला आणि आकडा बाराखाली गेला, तर प्रश्न व्हिसाचा होतो. सोडण्याआधी डीएसओची परवानगी. अॅडव्हायझरने ‘हो’ म्हटलं तरीही.

## टप्पा १०: फेरविचाराचा अर्ज

खुणा केलेल्या ओळींसाठी आता अर्ज करा. त्याला मुदत असते, बहुधा पहिल्या सत्राच्या आसपासची. अॅडव्हायझरला पहिल्याच भेटीत तारीख विचारा. एका मेलमध्ये एकच विषय, किंवा एम-१ आणि एम-२ सारखी एक जोडी. विषयाच्या ओळीत तुमचा विद्यार्थी क्रमांक, इथला कोड, तिथला कोड. मजकुरात तीन वाक्यं: काय मंजूर झालं, काय मागता, कोणत्या घटकांच्या आधारावर. सोबत घटकवार जुळणीचं एक पान आणि टप्पा ४ मधली फाईल. ‘मी खूप मेहनत केली आहे’, ‘माझ्या वडिलांनी कर्ज काढलं आहे’ हे लिहू नका. ते खरंच असतं, पण समोरचा प्राध्यापक फक्त सिलॅबस ताडून पाहू शकतो.

सगळ्यांसाठी भांडू नका. जे क्रेडिट सक्तीचा कोर्स सोडवतं किंवा साखळीचं कुलूप उघडतं, त्याच्यासाठीच वेळ घाला. इलेक्टिव्हचा रकाना भरलेला असताना आणखी तीन इलेक्टिव्ह मिळवून काय करणार? आणि एखाद्या विषयात पाया कच्चा राहिला असेल, केटी घासून सुटली असेल, तर तो कोर्स तिथे पुन्हा करणं तोट्याचं नाही. एक मात्र आधी विचारा: ट्रान्सफरने मिळालेला कोर्स पुन्हा घेतला तर जुनं क्रेडिट जातं का. बहुतेक ठिकाणी एका कोर्सचं क्रेडिट एकदाच मोजतात.

अर्जाला दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर त्याच मेलच्या साखळीत एक ओळ टाका. नवीन मेल सुरू केलात की जोडलेल्या फायली मागे राहतात.